चुकीचा डेटाबेस पुसला गेला त्याची गोष्ट: एजंटसाठी टूलचं डॉक्युमेंटेशन, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

प्रकरण एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीतलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. टूलची नावं आणि संदेश मुळात इंग्रजीत होते, इथे ते मराठीत दिले आहेत.

कंपनीच्या प्लॅटफॉर्म टीमने एक अंतर्गत टूल बनवलं होतं. डेव्हलपरला चाचणीसाठी तात्पुरता डेटाबेस काढून देणं एवढंच त्याचं काम. प्रॉडक्शन डेटातली खासगी माहिती झाकून एक प्रत तयार व्हायची. तिच्यावरून हवा तेव्हा डेटाबेस उभा करायचा, मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) चालवायचं आणि काम झालं की टाकून द्यायचा. बरीच वर्षं हे सगळं कमांड लाइनवरून चालत होतं. माहिती विकीवर होती: काही पानं नेटकी, काही अर्धवट, काहींवर नुसते स्क्रीनशॉट. अडलं की लोक टीमच्या चॅटवर विचारायचे आणि लगेच उत्तर मिळायचं. चॅट एवढं तत्पर होतं म्हणूनच विकीची दुरवस्था कोणाला बोचली नाही.

मग कोडिंग एजंट आले, म्हणजे सांगितलेलं काम टूल्स वापरून स्वतः पार पाडणारे एआय प्रोग्राम. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि एजंटला बाहेरची टूल्स जोडायची एक सामाईक पद्धत मिळाली. टीमकडे आपल्या एपीआयचं, म्हणजे इतर प्रोग्रामनी टूल वापरायच्या जोडणीचं, ओपनएपीआय या ठरावीक साच्यातलं वर्णन तयारच होतं. त्यावरून एजंटांपुढे टूल्स मांडणारा एमसीपी सर्व्हर आपोआप बनवून घेतला. दर एंडपॉइंटमागे, म्हणजे एपीआयतल्या प्रत्येक पत्त्यामागे, एक, अशी तीसेक टूल्स एजंटांच्या हाती गेली. डेमो झकास झाला.

एजंटला यातलं काय दिसतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. टूलचं नाव, एक वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा: पॅरामीटर कुठले, कुठल्या प्रकारचे, त्यांतले सक्तीचे कुठले. बस्स. विकी समोर नसते, चॅट नसतं, शेजारी बसलेला जुना सहकारी नसतो. आणि या सर्व्हरमध्ये वर्णनाच्या जागी ओपनएपीआयमधली सारांशाची ओळ आली होती, जी कोणीतरी कधीतरी लिंटर, म्हणजे नियम तपासणारा प्रोग्राम, गप्प बसावा एवढ्यासाठी लिहिलेली होती.

नेमकं काय बिघडलं

तोंड फुटलं एका घटनेने. एका डेव्हलपरने एजंटला सांगितलं, 'माझा टेस्ट डेटाबेस क्लीन करून दे, पुन्हा सुरुवातीपासून चाचण्या चालवायच्या आहेत.' टूल्समध्ये 'रिसेट', 'रिफ्रेश' आणि 'क्लीन' अशी तीन नावं होती. 'क्लीन'चं वर्णन होतं: 'जुने डेटाबेस साफ करते.' एजंटने शब्दाला शब्द जुळवला आणि 'क्लीन' बोलावलं. ते टूल मात्र मुदत उलटलेले सगळे डेटाबेस, कोणाचेही असोत, कायमचे पुसायचं. दुसऱ्या टीमचा परफॉर्मन्स चाचणीचा डेटाबेस मुदत वाढवायची राहिल्यामुळे त्या यादीत होता. बरेच दिवस चाललेल्या चाचणीची मोजमापं त्यात होती. ती गेली. ज्याने काम सांगितलं होतं त्याचा स्वतःचा डेटाबेस होता तसाच राहिला.

टीममधल्या कोणालाही विचारलं असतं तर फरक सांगता आला असता: रिसेट म्हणजे टेबलं रिकामी करून मायग्रेशन पुन्हा चालवणं, रिफ्रेश म्हणजे ताजी प्रत ओढणं, आणि क्लीन ही टीमची रात्रीची झाडलोट, जिला बाहेरच्यांनी हात लावायचाच नसतो. हा फरक कुठेही लिहिलेला नव्हता. एपीआय वर्णनात 'क्लीन' आलं होतं ते केवळ रात्रीचा जॉब ते वापरत होता म्हणून.

लॉग उघडल्यावर बाकीची लक्तरं दिसली. 'क्रिएट' हे टूल विनंती घेऊन लगेच २०२ हा स्टेटस कोड द्यायचं. २०२ म्हणजे विनंती स्वीकारली, काम अजून व्हायचंय. डेटाबेस उभा राहायला काही मिनिटं लागायची. एजंट आयडी मिळताच जोडणी करायला जायचा, जोडणी फसायची, मग त्याला वाटायचं क्रिएट फसलं, आणि तो दुसरा डेटाबेस मागायचा. कधी तिसराही. मुदतीचा पॅरामीटर होता 'टीटीएल', प्रकार पूर्णांक. एकक कुठेच नाही. सात दिवस हवेत म्हणून एजंट ७ पाठवायचा, आणि सात तासांनी डेटाबेस गायब. याद्या पन्नासाच्या पानांत यायच्या आणि पुढचं पान आहे हे उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे मुख्य मजकुराबाहेरच्या माहितीत, सांगितलेलं असायचं. तो हेडर एमसीपी सर्व्हर पुढे पोचवतच नव्हता. एक्कावन्नावा डेटाबेस एजंटच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

सर्वांत कळीची गोष्ट मात्र परवानग्यांच्या नोंदीत सापडली. एमसीपीच्या २६ मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलला काही खुणा जोडायची सोय आली: हे फक्त वाचतं का, हे काही नष्ट करू शकतं का, पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच राहतो का. खूण दिलीच नाही तर टूल फक्त वाचणारं नाही आणि नष्ट करू शकतं, असं धरलं जातं. आपोआप बनवलेल्या सर्व्हरमध्ये एकही खूण नव्हती. त्यामुळे त्यांचा क्लायंट, म्हणजे ज्यातून एजंट चालतो तो प्रोग्राम, नुसती यादी पाहायलाही 'चालवू का?' म्हणून विचारायचा. दिवसभर हो, हो, हो दाबून लोकांची बोटं सरावली होती. 'क्लीन'च्या वेळीही क्लायंटने रीतसर विचारलं होतं, आणि डेव्हलपरने रीतसर हो दाबलं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी होता: विकी आहे ना, ती एजंटला वाचायला द्या. कोडच्या रेपॉझिटरीत एजंटसाठी सूचनांची फाइल ठेवायची, तिच्यात विकीचा मजकूर ओतायचा, अर्ध्या दिवसाचं काम. अडचणी दोन. एक म्हणजे तो सगळा मजकूर दर सत्रात कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरात, जागा अडवणार, त्या दिवशी डेटाबेसचं काम असो वा नसो. दुसरी अधिक गंभीर: विकीतली पानं एकमेकांशी भांडत होती. मुदतीबद्दल दोन पानांवर दोन नियम होते. माणूस पानाची तारीख बघतो, लिहिणारा अजून कंपनीत आहे का ते बघतो आणि अंदाज बांधतो. एजंटला दोन्ही पानं सारख्याच वजनाची.

एलएलएम्स डॉट टीएक्सटीचंही नाव निघालं. संकेतस्थळाच्या मुळाशी मॉडेलसाठी मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुराची, फाइल ठेवायची ही जेरेमी हॉवर्ड यांची सप्टेंबर २०२४ मधली सूचना. पण ती मुख्यतः संकेतस्थळांसाठी आहे. इथे तर एजंट टूल थेट बोलावत होता. विषय तिथेच मिटला.

दुसरा पर्याय म्हणजे तीसच्या तीस टूल्सची वर्णनं नव्याने लिहिणं. तिसरा, टूल्सच कमी करणं आणि त्यांचं वागणं बदलणं. यात एपीआयला हात लावावा लागणार होता आणि तो इतर टीमही वापरत होत्या. चौथा पर्याय एका ज्येष्ठ इंजिनिअरने मांडला: एजंटला फक्त वाचायचे अधिकार ठेवा, बाकी काढून घ्या. यावर कुरकुर झाली. एजंटने डेटाबेस उभा करून द्यावा यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

पहिला निर्णय

चौथा पर्याय तात्पुरता म्हणून त्याच दिवशी लागू झाला. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. अधिकार काढल्यामुळे घाई संपली. पुढचं नुकसान होईल या धाकाखाली वर्णनं लिहिली असती, तर प्रत्येकात इशाऱ्यांची रास लागली असती आणि टीमने त्यालाच डॉक्युमेंटेशन म्हटलं असतं.

मग कोण लिहिणार हा प्रश्न आला. मॉडेललाच कोड दाखवून वर्णनं लिहून घ्यायचा प्रयोग झाला. मजकूर सफाईदार आला आणि जवळजवळ निरुपयोगी निघाला. 'रिफ्रेश'साठी आलं, 'दिलेल्या आयडीचा डेटाबेस रिफ्रेश करते आणि निकाल परत देते.' फंक्शनच्या नावाला क्रियापद जोडून वाक्य केलेलं. कोड काय करतो ते कोडमध्ये असतं. हे कधी वापरू नये, याऐवजी काय वापरावं, वापरलं तर कोणाला त्रास होईल, हे कोडमध्ये नसतं. ते टीमच्या चॅटमध्ये होतं.

म्हणून चॅटमधले जुने प्रश्न काढले. नव्या माणसाने विचारलेला प्रश्न हा जवळजवळ दर वेळी वर्णनातल्या एका गहाळ वाक्याकडे बोट दाखवत होता. लिहिण्यासाठी जोडी लावली: टूल बनवणारा एक आणि टीममध्ये सर्वांत नवा एक. बनवणाऱ्याने सांगायचं, नव्याने लिहायचं. उलटं केलं असतं तर बनवणाऱ्याला जे 'उघडच आहे' ते पुन्हा राहून गेलं असतं.

लिहिताना काय घडलं

'क्लीन'पासूनच सुरुवात झाली. जोडीने लिहिलेला पहिला मसुदा असा होता:

> मुदत संपलेले सगळे डेटाबेस कायमचे पुसते, मालक कोणीही असो. पुसलेलं परत आणता येत नाही. एकाच डेटाबेसमधला डेटा काढायचा असेल तर हे वापरू नका, 'रिसेट' वापरा. ताजी प्रत हवी असेल तर 'रिफ्रेश' वापरा. वापरण्यापूर्वी इतर टीमच्या डेटाबेसची खात्री करा.

वर्णन म्हणून चांगलं आहे. पण शेवटच्या वाक्यावर बैठक अडली. एजंटने खात्री करायची कशी? इतर टीमला विचारायचं टूल त्याच्याकडे नाही. म्हणजे हे वाक्य अंग काढून घेण्यासाठी होतं, उद्या काही झालं तर 'आम्ही लिहिलं होतं' म्हणता यावं यासाठी. त्यावर नव्या इंजिनिअरने विचारलं, बाहेरच्या कोणी हे टूल वापरायचंच नसेल तर ते यादीत आहे कशाला?

इथून कामाची दिशा बदलली. 'क्लीन' एजंटच्या यादीतून काढून टाकलं. त्याऐवजी 'माझे मुदत संपलेले डेटाबेस पुसा' असं टूल आलं. मालकी सर्व्हरच तपासतो, आणि ड्राय रन हा पॅरामीटर मुद्दाम बंद केल्याशिवाय काहीच पुसलं जात नाही, नुसती यादी मिळते. वर्णन तीन ओळींत बसलं. पुढे टीमने एक सवयच लावून घेतली: वर्णनात इशारा लिहायची वेळ आली की आधी विचारायचं, टूल बदलून हा इशारा अनावश्यक करता येईल का? बहुतेक वेळा येत होता.

'टीटीएल'चं नाव 'मुदत तासांत' झालं. एकक वर्णनात लिहूनही चाललं असतं, पण पॅरामीटरचं नाव प्रत्येक कॉलमध्ये लिहावं लागतं, त्यामुळे ते नजरेआड होत नाही. 'क्रिएट'च्या बाबतीत दोन बदल केले. त्याच मालकाने त्याच नावाने पुन्हा मागणी केली तर नवा डेटाबेस न बनवता आधीचाच द्यायचा. आणि उत्तरात नुसत्या आयडीऐवजी पुढचं पाऊलही सांगायचं: 'डेटाबेस तयार होत आहे. जोडणी करण्यापूर्वी स्थिती पाहा हे टूल बोलवा. क्रिएट पुन्हा बोलावू नका.' हे वाक्य वर्णनात ठेवण्यापेक्षा उत्तरात ठेवणं जास्त परिणामकारक ठरलं, कारण चूक नेमकी ज्या क्षणी व्हायची त्याच क्षणी ते एजंटसमोर येत होतं.

एरर संदेशांची कथा थोडी मजेशीर आहे. त्यांचा एपीआय एररसाठी जुलै २०२३ च्या आरएफसी ९४५७ या इंटरनेट मानकातला साचा पाळत होता: प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील. साचा अगदी चोख. 'तपशील' हा रकाना मात्र रिकामा, आणि शीर्षक सगळीकडे एकच, 'अवैध इनपुट'. एवढ्यावर एजंट अंदाजाने एकेक पॅरामीटर बदलत राहायचा. नवा संदेश असा झाला:

> 'मुदत तासांत' हा १ ते ३३६ मधला पूर्णांक हवा. मिळालं: '७ दिवस'. सात दिवसांसाठी १६८ पाठवा.

परवानगी नसताना पूर्वी रिकामी यादी यायची. ती आता 'या प्रोजेक्टचे डेटाबेस पाहायची परवानगी नाही' असं स्पष्ट सांगते. आधीच्या रिकाम्या यादीवरून एजंटने 'तुमच्या प्रोजेक्टला डेटाबेसच नाही' असं ठामपणे सांगितल्याची उदाहरणं लॉगमध्ये होती, आणि डेव्हलपरने त्यावर विश्वास ठेवल्याचीही.

वाचणाऱ्या टूल्सना तशी खूण दिली. त्यामुळे परवानगीचा प्रश्न आता क्वचित येतो आणि आला की लोक वाचतात. खुणांवर संरक्षण मात्र सोपवलं नाही. प्रोटोकॉलचं अधिकृत वर्णनही त्यांना सूचनाच म्हणतं, हमी म्हणत नाही. अधिकार सर्व्हरवर तपासले जातात.

चाचणी

डेव्हलपर जसे बोलतात तशाच भाषेत काही कामं लिहून काढली: 'डेटाबेस क्लीन करून दे', 'कालचा डेटा नको, आजचा हवा', 'पेमेंट टीमसारखा सेटअप दे.' काही मुद्दाम संदिग्ध ठेवली, जिथे एजंटने उलट विचारणं हेच बरोबर उत्तर होतं. जुनी वर्णनं आणि नवी वर्णनं, दोन्हींवर तीच कामं चालवली आणि एजंटने कुठलं टूल का निवडलं ते वाचून काढलं. हे वाचणं कंटाळवाणं आहे. पण खरं शिक्षण त्यातच झालं.

दोन सुधारणा अंगाशी आल्या. वर्णनांमध्ये भरपूर उदाहरणं घातली होती, तर उदाहरणातलं 'ऑर्डर टेस्ट' हे डेटाबेसचं नाव खऱ्या कॉलमध्ये उगवायला लागलं. ज्या कामात नाव दिलेलं नव्हतं तिथे एजंट ते उचलायचा. मग उदाहरणं फक्त किचकट पॅरामीटरपुरती ठेवली, आणि त्यांतली नावं अशी दिली की खरोखर पाठवली तर सर्व्हर नाकारेल.

दुसरी म्हणजे 'रिसेट'च्या वर्णनातला ओरडा. मोठ्या अक्षरांत 'धोका', 'कदापि', 'अत्यंत काळजीपूर्वक'. परिणाम असा की स्वतःच्या टाकाऊ डेटाबेसवरही एजंट रिसेट करायला धजेना. दर वेळी विचारायचा, किंवा वळसा घालून टेबलं एकेक करून रिकामी करायचा, जे जास्त धोक्याचं. शब्द उतरवले आणि कारण लिहिलं: 'या डेटाबेसमधल्या सगळ्या नोंदी जातात, रचना राहते, इतर डेटाबेसना धक्का लागत नाही.' आणि एजंट सरळ वागायला लागला.

परिणाम

लिहायचे अधिकार टप्प्याटप्प्याने परत दिले. तीसेक टूल्सची डझनभर उरली. बाकीची एकतर एकत्र केली किंवा एजंटच्या यादीबाहेर ठेवली. एकाच कामासाठी तीन-तीन डेटाबेस उभे राहायचं थांबलं. याचं श्रेय वर्णनांपेक्षा सर्व्हरमधल्या बदलाला जातं. चुकीचं टूल निवडलं जाणं विरळ झालं, नाहीसं झालं नाही. 'पेमेंट टीमसारखा सेटअप' या मागणीवर एजंट अजूनही कधी विचारतो, कधी गृहीत धरतो. कमांड लाइन वापरणाऱ्या माणसांनी, ज्यांना हा प्रकल्प ठाऊकही नव्हता, एरर संदेश सुधारल्याबद्दल चॅटवर आभार मानले.

वर्णनं आता कोडशेजारी राहतात आणि विकीची पानं त्यांवरूनच तयार होतात. तरीही पुढे एकदा कमाल मुदत बदलली आणि वर्णनातला आकडा जुनाच राहिला. एजंट जुन्या आकड्यावर अडून बसला, एरर संदेश नवा आकडा सांगत होता, आणि दोन्हींच्या मध्ये त्याने बऱ्याच चकरा मारल्या. आता तो आकडा स्कीमामधूनच वर्णनात येतो. बाकीच्या गद्य मजकुरासाठी कोड रिव्ह्यूमध्ये एक प्रश्न घातला आहे, आणि घाईच्या दिवशी त्यावर न वाचता टिक होते हेही टीमला माहीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

एपीआय वर्णनावरून सर्व्हर आपोआप बनवणं ही चूक नव्हती. बनवल्यावर यादी माणसाने एकदाही वरून खाली न वाचणं ही होती. तीस ओळी वाचायला वेळ लागत नाही, आणि 'क्लीन' तिथे कशाला हा प्रश्न पहिल्याच वाचनात पडला असता.

परवानगीच्या खुणा सर्वांत आधी द्यायला हव्या होत्या. काम थोडं होतं, आणि मूळ घटना तिथे अडण्याची खरी शक्यता होती. टीमने त्या शेवटाकडे दिल्या, कारण त्या 'डॉक्युमेंटेशन' या सदरात मोडतात हेच कोणाला वाटलं नाही.

कामाचा क्रमही उलटा झाला. आधी वर्णनं लिहून मग टूल्स बदलल्यामुळे निम्मं लिखाण फेकावं लागलं. त्यावर टीममध्ये दुसरं मत आहे, आणि मला ते पटतं: वर्णन लिहायला बसल्याशिवाय टूलमधला दोष दिसलाच नसता, तेव्हा फेकलेला मजकूर वाया गेला असं म्हणता येत नाही. मसुदे मात्र तीस टूल्सचे न करता चार-पाच टूल्सचेच केले असते तरी हे कळलं असतं.

'रिफ्रेश'चा निर्णय अजून लागलेला नाही. ते बिनधोक वाटतं, पण ताजी प्रत ओढताना डेटाबेसमधले डेव्हलपरने हाताने केलेले बदल जातात. एका गटाचं म्हणणं, इथे परवानगी विचारलीच पाहिजे. दुसरा गट म्हणतो की रिफ्रेश दिवसातून अनेकदा लागतं, विचारत बसलो तर बोटं पुन्हा हो दाबायला सरावतील. त्यापेक्षा रिफ्रेशपूर्वीची प्रत सर्व्हरने थोडा काळ राखून ठेवावी. तूर्त परवानगी चालू आहे, आणि प्रत राखायला साठवणुकीची किती जागा लागेल याचा हिशेब दुसऱ्या गटाकडे सोपवला आहे.